मूळ धन्याचा क्रमांक

मुलांच्या खेळांविषयी वडीलधाऱ्या माणसाने लिहावे, आणि तेही मासिकाच्या पानांत, ही गोष्ट काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या भाषेत बुद्धिबळावर आणि पत्त्यांच्या डावावर निबंध झाले, त्या भाषेत एका यांत्रिक खेळाच्या कायद्यातील एका कलमावर चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी. खेळ जपानी आहे आणि त्याचे नाव पोकेमॉन. रानावनांतून नाना जातींचे कल्पित प्राणी पकडावे, त्यांस शिकवावे, इतरांच्या प्राण्यांशी झुंजवावे आणि मित्रांशी त्यांची अदलाबदल करावी, असा त्याचा एकंदर प्रकार. झुंजींविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही. त्या आमच्या बुद्धीबाहेरच्या आहेत. आमचे मन गुंतले ते अदलाबदलीच्या नियमांत, आणि विशेषतः प्रत्येक प्राण्याच्या कपाळी कायमच्या लिहिलेल्या एका क्रमांकात. या शास्त्रात आमची गुरू म्हणजे आमची कन्या. तिने हा खेळ दहाव्या वर्षी धरला, आणि आज बंगळूरास नोकरी करीत असतानाही तो सोडलेला नाही.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा गावी किडे पकडण्यात गेले. पुढे शेते आणि डबकी जाऊन तेथे घरे उठली, आणि किडे नाहीसे झाले. १९८९ साली गेम बॉय हे हातात मावणारे यंत्र निघाले. अशी दोन यंत्रे तारेने जोडता येत. त्या तारेवरून एखादा किडा या डब्यातून त्या डब्यात सरपटत चालला आहे, असे दृश्य ताजिरींच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले, आणि खेळाचे बीज तेथे पडले. सहा वर्षांच्या खटपटीनंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात तो खेळ बाहेर पडला, तो तांबडी आणि हिरवी अशा दोन आवृत्त्यांनी. काही प्राणी एकीतच सापडत, काही दुसरीतच. ज्याला सर्व जाती जमवावयाच्या असतील त्याला शेजाऱ्याच्या दारी जाणे भाग पडे. देवघेव हाच खेळाचा प्राण. आणि जेथे देवघेव आली तेथे ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आलाच.

आमच्या लहानपणी हा प्रश्न सोपा होता. गोटी एकदा दुसऱ्याच्या खिशात गेली की ती त्याची. तिच्या पोटात पहिल्या धन्याचे नाव राहत नसे. पोकेमॉनच्या पोटात ते राहते. मुलाने खेळ नव्याने सुरू केला की यंत्र त्याच्या नावावर एक पाच अंकी क्रमांक टाकते. हा क्रमांक मुलाने निवडावयाचा नसतो; जन्मवेळेप्रमाणे तो पदरी पडतो. ००००० पासून ६५५३५ पर्यंत कोणताही क्रमांक येऊ शकतो. या विचित्र हद्दीचे कारण इतकेच की, यंत्राच्या स्मृतीत या कामी दोनच बाइट राखून ठेवले होते, आणि दोन बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच. मग तो मुलगा जो जो प्राणी पकडील त्याच्यावर हा क्रमांक आणि मुलाचे नाव उमटते. या पहिल्या मनुष्याला खेळात ‘मूळ ट्रेनर’ म्हणतात. मालक हा शब्द खेळाने योजलेला नाही, ट्रेनर म्हणजे शिकविणारा हा योजला आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या पंतोजीस सुखावणारी खरी. परंतु आमच्या हजेरीपटातील क्रमांक वर्षाअखेर पुसले जातात. विद्यार्थी पुढे कोणाचा विद्यार्थी म्हणून ओळखला जाईल याचा भरवसा नसतो.

नाव आणि क्रमांक असे दोन्ही कशासाठी? पहिल्या आवृत्त्यांच्या प्रती जगभर तीन कोटींहून अधिक खपल्या. एका प्रतीस एकच क्रमांक धरला, तरी प्रत्येक क्रमांकाचे सरासरी साडेचारशेहून अधिक धनी होतात. एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. संभाव्यतेचे गणित असे सांगते की, तीनशे-सव्वातीनशे मुले एका मैदानावर जमली, की त्यांतील कोणा दोघांचा क्रमांक एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. एकट्या नावाचा उपयोग तर त्याहून कमी. जपानी प्रतीत नावाला पाचच अक्षरांची जागा होती. म्हणून नाव आणि क्रमांक अशी जोडी घातली. उलट, मुलाने आपला खेळ पुसून टाकला आणि त्याच नावाने पुन्हा आरंभ केला, तर क्रमांक नवा पडतो. आणि मित्राकडे ठेवलेला त्याचा जुना प्राणी परत आला की खेळ त्याला परका ठरवितो. जुन्या प्रतींत सर्व हकीकत एका चपट्या बॅटरीच्या जिवावर तगून असे. बॅटरी संपली की धनी, त्याचा क्रमांक, त्याचे सर्व वैभव एका रात्रीत नाहीसे होई. पण त्याने दुसऱ्यास दिलेले प्राणी मात्र तो क्रमांक अंगावर घेऊन दुसऱ्याच्या घरी सुखरूप असत.

आता या क्रमांकाच्या जोरावर कोणते कायदे चालतात ते पाहू. पहिला नावाचा. लॅव्हेंडर टाउन नावाच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहतात; प्राण्याचे नाव बदलून देणे हा त्यांचा व्यवसाय. आपण पकडलेला प्राणी नेला तर ते आनंदाने नवे नाव देतात. दुसऱ्याकडून आलेला नेला तर त्याच्या नावाची तोंडभर स्तुती करून, त्यात बदल करण्यास साफ नकार देतात. ज्याने पहिले नाव ठेवले, त्याच्यावाचून ते कोणास बदलता येत नाही. (२०१९ च्या आवृत्तीपासून एवढी सवलत झाली की, आधी कोणी नाव ठेवलेच नसेल तर नव्या धन्यास एकदा ठेवता येते.) आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नववधूचे नवे नाव लिहितात. तो विधी करण्यास या गृहस्थांस बोलावले असते, तर ते ताट तसेच ठेवून जेवून गेले असते.

दुसरा कायदा आज्ञापालनाचा. परक्याकडून आलेला प्राणी एका मर्यादेपलीकडे बलवान असेल, तर तो नव्या धन्याचे ऐकत नाही. पाठ फिरवितो, झोपतो, भलतेच काही करतो. गावोगावच्या नामांकितांस जिंकून मिळविलेली बिल्ले ही त्यावरची तोड. पहिल्या आवृत्तीत एका बिल्ल्याने तिसाव्या पायरीपर्यंतचे प्राणी ऐकू लागत, पुढच्या एका बिल्ल्याने पन्नासाव्या, आणखी एकाने सत्तराव्या, आणि शेवटच्याने सर्वच. स्वतः पकडलेल्यावर अधिकार तेव्हा आपोआप येई. दुसऱ्याच्या हातून आलेल्यावर तो मिळवावा लागतो.

तिसरा कायदा ऐकला तेव्हा आम्ही खेळाकडे गंभीरपणे पाहू लागलो. परक्याकडून आलेला प्राणी दीडपट वेगाने शिकतो. ज्या झुंजीने घरच्या प्राण्यास शंभर गुणांचा अनुभव मिळावा, तिने या पाहुण्यास दीडशेचा मिळतो. आणि २००६ पासूनच्या आवृत्त्यांत, तो परभाषेच्या प्रतीतून आलेला असेल तर एकशे सत्तरांचा. खेळ रचणाऱ्यांनी हा नियम केला तो मुलांनी अदलाबदल करावी म्हणून, लालूच म्हणून. परंतु लालूच म्हणून केलेल्या या नियमात त्यांनी नकळत एक खरे वचन लिहून ठेवले आहे, असे आमचे मत आहे. आणि ते कशावरून, हे सांगावयाचे तर थोडे घरचे सांगितले पाहिजे.

आम्ही दत्तक आहोत. जन्म वाईचा. १९७६ साली, आम्ही सहा वर्षांचे असता, वडिलांच्या निपुत्रिक आतेभावांच्या ओटीत आम्हांस घातले गेले, आणि आम्ही मिरजेस आलो. गोत्र काश्यप होते ते भारद्वाज झाले, आडनाव बदलले, आणि घरात त्या नावाचे एक थोर पुरुष होऊन गेले होते म्हणून पहिले नावही बदलले. मिरजेच्या अप्पांनी आणि माईंनी आम्हांस काही उणे पडू दिले नाही. पण परक्या घरी आलेले मूल दीडपट वेगाने शिकते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. पहिल्या महिन्यातच कोणती पायरी वाजते, अप्पांचा पेला कोणता, माईंना दुपारी किती वाजता हाक मारलेली चालत नाही, हे सारे आम्हांस पाठ झाले. वाईच्या घरी सहा वर्षांत जेवढे कळले नव्हते तेवढे तेथे सहा आठवड्यांत कळले. लोक म्हणत, ‘मुलगा मोठा समजूतदार.’ मुलगा समजूतदार नव्हता, पाहुणा होता. आणि अधिकाराचे म्हणाल, तर अप्पांनी पहिले वर्षभर आम्हांस एकही शब्द रागाने बोलून दाखविला नाही. आपले बिल्ले अजून पुरे झाले नाहीत, हे त्यांस ठाऊक असावे.

चौथा कायदा तर शुद्ध धर्मशास्त्र आहे. १९९९ च्या आवृत्तीपासून प्राण्यांची जोडपी एका संगोपनगृहात ठेवता येतात, आणि कालांतराने अंडे मिळते. तेथे दोघांचे मूळ क्रमांक पाहिले जातात. २००२ च्या आवृत्तीत हिशेब असा होता की, एकाच जातीची जोडी भिन्न क्रमांकांची असेल तर दर खेपेस अंड्याचा संभव शंभरात सत्तर. क्रमांक एकच असेल तर पन्नास. सगोत्र विवाह निषिद्ध नव्हे, पण प्रशस्तही नव्हे! क्योटो आणि टोकियोच्या तरुणांनी हे कोठून आणले असेल ते असो. अधिक देवघेव व्हावी हाच त्यांचा हेतू होता. अंड्याविषयी मात्र त्यांचा निर्णय वेगळा आहे. अंडे दुसऱ्यास देऊन टाकले, तर ज्याच्या घरी ते उबेल तो मूळ ट्रेनर ठरतो. आईबापांचा क्रमांक पिलास लागत नाही. म्हणजे जन्मापूर्वी आलेले मूल सर्वस्वी आपले. जन्मानंतर आलेले कधीच नव्हे.

आमच्या देशाचा कायदा याच्या बरोबर उलट बोलतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व कामांसाठी नव्या आईबापांचेच. जन्मकुळाशी असलेले सर्व संबंध तुटले. अपवाद फार थोडे. पूर्वी अंगी आलेली मिळकत त्याचीच राहते. नव्या घरात आधीच कोणाकडे गेलेली मिळकत त्याच्या येण्याने हिरावली जात नाही. आणि जन्मकुळात राहिला असता ज्या व्यक्तीशी विवाह करता आला नसता, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. बाकी सर्व खात्यांतून जुना क्रमांक खोडला. विवाहाच्या खात्यात तो ठेवला. आमचे कायदेपंडित आणि ते खेळकर जपानी तरुण, दोघांनाही शेवटी जोडी जुळवितानाच मूळ धन्याची आठवण व्हावी, हा योगायोग आम्हांस फार दिवस पुरला.

क्रमांकाचे याहून हलके उपयोगही आहेत. १९९९ च्याच आवृत्तीत गोल्डनरॉड गावच्या रेडिओ केंद्रात आठवड्याचा एक भाग्यांक जाहीर होतो, आणि तो आपल्यापाशी असलेल्या प्राण्यांच्या क्रमांकांशी ताडून पाहतात. पाचही अंक जुळले तर कधी न चुकणारा चेंडू, मास्टर बॉल, बक्षीस. यातील मेख अशी की, स्वतः पकडलेले हजार प्राणी असले तरी त्यांचा क्रमांक एकच, म्हणजे सोडतीचे तिकीट एकच. ज्याच्या घरी चार ठिकाणची लेकरे वाढतात त्याचीच तिकिटे अधिक. पुढे २००२ साली उघड क्रमांकाच्या जोडीस आणखी एक गुप्त क्रमांक आला; तो स्वतः धन्यासही कधी दाखवीत नाहीत. हे दोन्ही आणि प्राण्याचा स्वतःचा एक लांबलचक अंक यांची कुंडली जुळून आली, तर प्राण्याचा रंग निराळा, झळाळीचा निघतो. त्या काळी ही शक्यता ८१९२ त एक होती. २०१३ पासून ती ४०९६ त एक झाली. अशा रंगाच्या प्राण्यांचे मोल मुलांत मोठे आहे. २०१६ पासून हे दोन क्रमांक एकत्र करून होणाऱ्या संख्येचे शेवटचे सहा अंक दाखवितात. जुने प्राणी मात्र आपला पाच अंकी क्रमांकच मिरवीत असतात, जुन्या नोटेसारखा.

इतके सर्व झाल्यावर ध्यानात येते की, ज्याला लोक मालकीचा क्रमांक म्हणतात तो मालकी सांगतच नाही. आज प्राणी कोणाच्या ताब्यात आहे, त्याला कोण खाऊ घालते, याचा त्यात पत्ता नाही. ताबा हा केवळ ताबा. चोरीस तर खेळात जागाच नाही, कारण दुसऱ्याच्या प्राण्यावर चेंडू टाकला तर तो धनी तो अडवितो आणि चोर म्हणून हिणवितो. प्राणी हात बदलतो तो देणाऱ्याच्या खुशीनेच. क्रमांक सांगतो तो पहिला हात, आणि तेवढाच. आम्हांस यात बोचते ते असे की, प्राणी नव्या घरी गेला की त्याच्या मायेचा आकडाही मुळावर नेऊन ठेवीत. या आकड्याची कमाल २५५. पहिल्या घरी कितीही चढला असला तरी देवघेवीनंतर बहुतेक जातींत तो ७० वर येई. नव्या धन्याने पुनः शून्यासारखेच चालू करावयाचे, आणि त्याने जन्मभर सांभाळले तरी त्याचे नाव कोठे लागावयाचे नाही.

आमची स्थिती नेमकी उलट. शाळेच्या दाखल्यावर, पदवीवर, पासपोर्टावर अप्पांचे नाव आहे. वाईच्या नानांचे नाव एकाही कागदावर नाही. २०११ साली नाना गेले. भटजींनी आम्हांस सुतक सांगितले ते तीन दिवसांचे. आमच्या वाईच्या भावांचे दहा दिवस चालू होते. चौथ्या दिवशी आम्ही स्नान करून महाविद्यालयात तासावर गेलो, आणि शेक्सपिअर शिकविला. शास्त्र चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. २०१८ साली अप्पा गेले तेव्हा सर्व दिवस आम्ही पाळले, आणि त्या वेळी शास्त्र आम्हांस फार पटले. पण त्या चौथ्या दिवशी, वर्गात हजेरी घेताना, लॅव्हेंडर टाउनचे ते हट्टी गृहस्थ आम्हांस भेटते तर बरे झाले असते.

जुन्या धर्मग्रंथांत ‘द्व्यामुष्यायण’ असा एक शब्द आहे. दोन्ही बापांचा असलेला, दोघांनाही पिंड देणारा आणि दोघांचाही वारस, असा पुत्र. शब्द उच्चारण्यास अवघड आहे, आणि व्यवहारात तो मागे पडला. गंमत ही की खेळाने तो २०१३ साली, नाव न घेता, स्वीकारला. त्या वर्षीच्या आवृत्तीपासून प्राण्याच्या नोंदीत मूळ ट्रेनराच्या शेजारी आणखी एक घर झाले आहे. सध्या ज्याच्यापाशी प्राणी आहे, त्याचे नाव त्यात राहते; त्याच्याविषयीच्या मायेचा आकडा निराळा मांडतात; त्याच्याजवळ घडलेली एखादी आठवणही नोंदतात. प्राणी मूळ धन्याकडे परत गेला तर त्याची पहिली माया जशीच्या तशी सापडते, पुसलेली नसते. व्यवस्था पुरती निर्दोष नाही. दुसऱ्यासाठी घर एकच ठेवले आहे. तिसऱ्याकडे प्राणी गेला की दुसऱ्याचे नाव जाऊन तिसऱ्याचे येते. तरी सतरा वर्षांनी का होईना, सांभाळणाऱ्यासाठी एक रकाना निघाला.

२००२ साली मात्र एक मोठी ताटातूट झाली होती. त्या वर्षीच्या आवृत्तीत जुन्या यंत्रांतील प्राण्यांस येण्यास वाटच ठेवली नव्हती. १९९६ पासूनचे सारे तेथेच राहिले. पण २००२ नंतरच्या प्राण्यांस तेव्हापासून वाट आहे. एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी मजल दरमजल करीत ते २०२० साली उघडलेल्या ‘होम’ नावाच्या दूरस्थ कोठारापर्यंत येऊ शकतात. वाट एकेरी आहे. मागे जाता येत नाही. पण क्रमांक आणि नाव सोबत येते.

आमच्या कन्येच्या कोठारात असा एक प्राणी आहे. तपकिरी पट्ट्यांचा, नागमोडी पळणारा झिगझॅगून. त्याचे नाव बंड्या. २००६ च्या उन्हाळ्यात तिच्या मामेभावाने तो तिला तारेवरून दिला, आणि नाव त्याचेच असल्यामुळे तिला ते बदलता आले नाही. मामेभावाचे यंत्र पुढे रद्दीत गेले. आता तो दोन मुलांचा बाप आहे, आणि मुलास हाच खेळ हवा झाला आहे. म्हणून गेल्या दिवाळीत त्याने आमच्या कन्येस फोन करून विचारले की, आपला जुना क्रमांक काय होता ते तुझ्याकडे निघते का. तिने पाहून सांगितला: ३१०४७. त्याने तो दोनदा म्हणून घेतला, आणि बंड्या अजून बाराव्याच पायरीवर आहे का, असे विचारले. ती म्हणाली, आहे.